मुंबईबाहेर राहणाऱ्या चित्रकाराने ओळखी कशा जोडाव्यात?

कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार. मी मिरजेत राहते. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) आणि जी.डी. आर्ट (शासकीय कला पदविका) पूर्ण करून गेली अकरा वर्षे एका शाळेत चित्रकला शिकवीत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांचे जादा वर्ग संपले की उरलेला वेळ माझ्या जलरंगांचा असतो. चार वर्षांपासून मी एकच विषय धरून आहे. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळा, तेथे आढ्याला टांगलेले भोपळे, लाकडाच्या ढलप्यांचा खच आणि खुंट्या बसण्याची वाट पाहत भिंतीला टेकून उभे असलेले तंबोरे मी रंगविते. आजवर साठेक चित्रे झाली आहेत आणि त्यांतली वीस तरी लोकांपुढे ठेवण्याजोगी आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दोन वर्षांपूर्वी मुंबईतील एका समूह प्रदर्शनात भाग घेतला होता. आयोजकांनी सहभागापोटी २५ हजार रुपये घेतले आणि दहा फुटांची भिंत दिली. सात दिवसांत दोन चित्रे विकली गेली, त्यांतील एक माझ्या मावसभावाने घेतले. अभिप्रायवहीत मात्र ८३ जणांनी नावे, दूरध्वनी क्रमांक आणि ‘अप्रतिम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ अशी वाक्ये लिहिली होती. परत आल्यावर शाळेच्या परीक्षा लागल्या. पाच महिन्यांनी सवड मिळाली, तेव्हा मी त्या सर्वांना एकच संदेश आणि चित्रांचा कॅटलॉग पाठविला. चार जणांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठविले आणि विषय तेथेच संपला.

गॅलऱ्यांना ई-मेल केल्या, त्यांना उत्तर नाही. उद्घाटनाच्या कार्यक्रमांना जाऊन अनोळखी माणसांना स्वतःचे कार्ड देणे मला याचना केल्यासारखे वाटते. मोबाइलवर मात्र आठवड्याला एक तरी संदेश येतो की, आपली ‘आंतरराष्ट्रीय कलारत्न’ अशा एखाद्या पुरस्कारासाठी निवड झाली असून नोंदणी शुल्क अमुक इतके आहे. यांतून माणसे भेटतात का? नोकरी सोडून पुण्या-मुंबईला राहायला जाणे मला शक्य नाही. मग मिरजेत राहून, शाळा सांभाळून, व्यवसायाच्या उपयोगी पडतील अशा ओळखी जोडण्याचा काही मार्ग आहे का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओला कागद (माहीम)

तुमचा प्रश्न वाचताना माझीच पहिली अभिप्रायवही आठवली. ती अजून माळ्यावर आहे आणि तिच्यातील एकाही माणसाला मी कधी पत्र लिहिले नाही. तुम्ही निदान पाच महिन्यांनी लिहिलेत. परंतु एवढ्या काळाने पाहणाऱ्याला चित्रच काय, आपण ते कोणत्या दालनात पाहिले हेही आठवत नाही. मला हे फार उशिरा सुचले, म्हणून सांगतो. दालन बंद झाल्यावर त्याच संध्याकाळी वही उघडावी आणि ज्या ज्या नावाचा चेहरा आठवतो, त्याच्यापुढे शिसपेन्सिलीने लिहून ठेवावे की, हे गृहस्थ कोणत्या चित्रापुढे थांबले आणि त्यांनी काय विचारले. ८३ जणांपैकी अशी दहा-बाराच नावे निघतील. त्या दहा-बारा जणांना आठ दिवसांच्या आत, प्रत्येकाला वेगळे, त्या एकाच चित्राविषयी चार ओळी लिहाव्यात. त्यांत किंमत नसावी आणि ‘कृपया कळवावे’ही नसावे. पुढच्या खेपेस नवीन काम झाले की पुन्हा त्यांनाच लिहावे. माझी बहुतेक चित्रे ज्या लोकांकडे गेली, त्यांनी पहिले चित्र घेण्याआधी तीन-चार वर्षे माझी नुसती पत्रे वाचली होती.

गॅलऱ्यांच्या मौनाचे वाईट वाटून घेऊ नका. तेथे मुळात एक गैरसमज होतो. मुंबईतील जहांगीरसारखे दालन भाड्याने मिळते. अर्ज करायचा, निवड व्हायची आणि मग तारखेसाठी काही वर्षे वाट पाहायची. तेथे आठवडाभर भिंत मिळाली, म्हणून कोणी तुमच्या कामाची जबाबदारी घेत नाही. व्यावसायिक गॅलरीचे तसे नसते. ती विक्रीच्या साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत रक्कम ठेवून घेते, त्या बदल्यात तुमचे काम वर्षानुवर्षे ग्राहकांपुढे ठेवते, आणि त्यामुळेच नवा चित्रकार घेताना ती शंभरदा विचार करते. हा विचार ई-मेल पाहून होत नाही. गॅलरीचालक आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांना विचारतो, ‘सध्या कोणाचे काम पाहण्यासारखे आहे?’ त्या क्षणी एखाद्याच्या तोंडी तुमचे नाव यावे लागते. म्हणून गॅलरीवाल्यांच्या ओळखीपेक्षा चित्रकारांची ओळख आधी हवी.

यासाठी उद्घाटनाला जाऊच नये, असे माझे मत आहे. उद्घाटनाच्या दिवशी चित्रकार नातेवाइकांच्या आणि प्रमुख पाहुण्यांच्या गराड्यात असतो आणि कोणाशीही धड बोलत नाही. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास जा. दालन रिकामे असते, चित्रकार कोपऱ्यातल्या खुर्चीवर चहाचा कप घेऊन एकटाच बसलेला असतो आणि कोणीतरी कामाविषयी बोलावे म्हणून आतुर असतो. कागद कोणता, ही छटा कशी आणली, हे चित्र किती दिवस चालले, एवढे मनापासून विचारले तरी पाऊण तास निघून जातो. यात याचना कोठे आहे? दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मिळून दोनदा मुंबईला येऊन अशी आठ-दहा प्रदर्शने पाहणे तुम्हाला अवघड नाही.

मुंबईत हे पूर्वीपासून असेच घडत आले आहे. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे या तरुण कलावंतांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तो त्यांच्या बंडखोरीसाठी सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्याभोवती कोण होते ते पाहा. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, त्याच पत्रात कलासमीक्षा लिहिणारे रूडी फॉन लेडन आणि चित्रे विकत घेणारे इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघे नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले होते. केकू गांधी हे तर चौकटींच्या धंद्यातले. चौकटी विकता विकता ते या मुलांची चित्रे दुकानात मांडू लागले आणि १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर त्यांची गॅलरी केमोल्ड सुरू झाली. आरा तर एके काळी मोटारी धुण्याचे काम करून चित्रे काढीत. नाव झाल्यावर त्यांनी आर्टिस्ट्स सेंटर या कलासंस्थेच्या कामात राहून कितीतरी नवख्यांना आधार दिला. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली, त्याच्या आधीपासून ही माणसे एकमेकांना धरून होती.

चौकटराजा (पुणे)

सरांनी केकू गांधींचा उल्लेख केला, म्हणून आमच्या धंद्याच्या वतीने दोन शब्द लिहितो. माझे फ्रेमिंगचे दुकान आहे. माझ्याकडे चित्रकार येतात, घरमालक येतात आणि वास्तुविशारद व अंतर्गत सजावट करणारेही येतात. त्यांतले निम्मे तरी मला विचारतात की, अमुक भिंतीसाठी एखादा चित्रकार सुचवा. मी कोणाचे नाव सांगतो? ज्याचे चित्र माझ्याकडे चारही बाजूंनी समास सोडून, सपाट, वेळेवर येते आणि ज्याच्या पाठीमागे शीर्षक, माध्यम, साल, आकार आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो, त्याचे. कित्येक उत्तम चित्रकारांच्या चित्रांमागे काहीही लिहिलेले नसते. ते चित्र एखाद्या दिवाणखान्यात लागले, पाहुण्याने विचारले की ‘हे कोणाचे?’, तर घरच्यांना सही वाचता येत नाही आणि ओळख तेथेच खुंटते. सांगली-मिरजेत तुमचा नेहमीचा फ्रेमवाला जो असेल, त्याच्या दुकानात तुमचे एक चित्र कायम लावलेले राहील, अशी व्यवस्था करा.

मांडवीकाठ (पणजी)

माहीमच्या सरांचे म्हणणे आदराने वाचले, पण थोडे वेगळे मांडायचे आहे. त्यांनी ज्या वर्तुळाचे वर्णन केले, त्यात संध्याकाळ मोकळी असलेले पुरुषच प्रामुख्याने होते. शाळा, घर आणि मुले सांभाळणाऱ्या बाईला वर्षातून दोनदा मुंबई गाठणे सोपे नसते. मी छापचित्रे करते. आम्ही पाच जणी आहोत आणि महिन्यातून एकदा कोणा एकीच्या घरी जमतो. प्रत्येकीने त्या महिन्यातले एक काम आणायचे आणि एक उपयोगाची माहिती सांगायची, एवढाच नियम आहे. कोणते दालन अर्ज घेत आहे, कोणाला भित्तिचित्र करून हवे आहे, कोणी पैसे थकविले आहेत, हे सगळे तेथे उघडपणे बोलले जाते. एकीला झेपणार नाही असे काम आले, तर ती दुसरीचे नाव देते. आमच्यापैकी दोघींना बाहेर जी मोठी कामे मिळाली, ती कोणा संग्राहकामुळे मिळालेली नसून अशा नाव देण्यामुळे मिळाली आहेत. सांगली, मिरज आणि इचलकरंजी येथे तुमच्यासारखेच चित्र काढणारे कलाशिक्षक किती असतील, याचा विचार करा.

बरोबरीच्या माणसांचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे कोचीत दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन, २०१२ साली सुरू केले ते बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन चित्रकारांनी. दोघेही मूळचे केरळचे असून मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबईत वावरलेले आहेत. आमच्या पणजीत २०१६ पासून डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो. तेथे मी पहिल्या वर्षी पाहुणी म्हणून हिंडले आणि कोणीही भेटले नाही. पुढच्या खेपेस मांडणीच्या कामाला मदतनीस म्हणून गेले. लाकडी पेट्या उघडण्यात आणि लेबले चिकटविण्यात आठ दिवस गेले, आणि आज ज्यांना मी रात्री अकरा वाजता दूरध्वनी करू शकते, अशी सहा माणसे त्या आठ दिवसांतली आहेत.

पुरस्कारांच्या संदेशांबद्दल लिहिते. शुल्क घेतात म्हणून सगळेच खोटे, असे मानू नका. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी किंवा १९१८ सालची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांच्या वार्षिक प्रदर्शनांनाही प्रवेशशुल्क असते. फरक असा की, तेथे तुम्ही चित्र पाठविता, परीक्षक ते पाहतात आणि चित्र नाकारलेही जाऊ शकते. नाकारले जाण्याची शक्यता असते, म्हणूनच निवडीला अर्थ येतो. ज्यांनी तुमचे चित्र न पाहताच आधी अभिनंदन केले आणि मग पैसे मागितले, त्यांच्या समारंभात तुम्हाला फक्त तुमच्यासारखेच पैसे भरलेले लोक भेटतील. आणखी एक गोष्ट, जी पुरुष मंडळी सहसा लिहीत नाहीत: ‘स्टुडिओत या, काम पाहू’ असे निमंत्रण ज्येष्ठाकडून आले आणि ज्येष्ठाची नीट माहिती नसली, तर सोबत कोणाला तरी घेऊन जा. सोबत आणण्याला ज्याची हरकत असते, त्याची ओळख नसलेलीच बरी.

आता तुमच्या विषयाकडे वळते. ताई, तुम्ही तंबोऱ्यांच्या कार्यशाळा रंगविता आणि ओळखी शोधता गॅलरीत! माझ्या काकांचा तंबोरा मिरजेचा आहे. गोव्यातून तंबोरा घ्यायला माणसे पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच गावी येत आली आहेत. १९३७ साली निधन झालेल्या थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य तुमच्याकडे होते आणि त्यांची कबरही तेथील दर्ग्याच्या आवारातच आहे. उरुसातल्या संगीत सभेला येणारे गायक-वादक आणि श्रोते तुमच्या चित्रांकडे जसे पाहतील, तसे कुलाब्यातला कोणी पाहणार नाही, कारण चित्रातली वस्तू त्यांच्या घरातली आहे. ज्या कारागिरांच्या कार्यशाळेत तुम्ही बसता, त्यांच्या मागणीच्या वहीत देशभरातल्या आणि परदेशातल्याही संगीतकारांचे पत्ते असणार. ती वही मागू नका. पण त्यांच्या परवानगीने दुकानात तुमच्या चित्रांच्या छोट्या प्रती ठेवता येतील आणि नव्या वाद्यासोबत एखादी प्रत ग्राहकाकडे जाऊ शकेल. त्याआधी ज्यांची चित्रे काढलीत, त्या कारागिरांना त्यांचे चित्र दाखविले आहे का? एखादी प्रत त्यांच्या घरी लागली आहे का?

ओळंबा (कोल्हापूर)

मी वास्तुविशारद आहे आणि माझ्या कामांत दरवर्षी काही चित्रे घ्यावी लागतात, म्हणून विकत घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

माझा एका चित्रकाराशी असलेला चांगला संबंध किमतीवरून तुटला. मी ग्राहकाला गॅलरीतील किंमत सांगितली. ग्राहकाने परस्पर चित्रकाराला गाठले आणि त्याने तेच चित्र निम्म्या किमतीत दिले. चित्रकाराला वाटले, आपले काही बिघडले नाही. पण माझ्या ग्राहकाच्या लेखी मी लबाड ठरलो आणि गॅलरीनेही त्याचे काम उतरविले. चित्र घरून विका, दालनातून विका किंवा माझ्यामार्फत विका. आकार आणि माध्यम यांनुसार ठरविलेली किंमत एकच ठेवा आणि मध्यस्थाचा वाटा त्या किमतीतून द्या. मावसभावाला सवलत द्यायची असेल, तर तीही पावतीवर सवलत म्हणून दाखवा.

लेखी कागदाविषयी कलावंत संकोचतात, कारण त्यांना वाटते की कागद मागितला तर समोरच्याचा विश्वास उडेल. माझा अनुभव उलट आहे. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील एक गोष्ट पुष्कळ चित्रकारांना ठाऊक नसते. तुम्ही स्वतःहून काढलेले चित्र विकले, तरी त्याचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. मात्र कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास कलम १७ नुसार कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे उद्या एखाद्या हॉटेलने तुमच्याकडून सतारींचे चित्र करून घेतले आणि दिनदर्शिकेवर छापले, तर तुम्हाला बोलायला जागा उरणार नाही. हक्क आपल्याकडे ठेवण्याची एक ओळ आधीच लिहून घ्या. हक्क द्यायचेच असतील, तर कोणत्या वापरासाठी, किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, तेही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो.

आणि मिरजेहून कोल्हापूर तासा-दीड तासावर आहे, ते विसरू नका. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाचे कलादालन आहे. टाऊन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ संस्था रंगसुरांची मैफल भरविते, तेथे चित्रकार-शिल्पकार लोकांसमोर काम करतात आणि शेजारी गाणे चालू असते. तुमच्या विषयाला याहून योग्य जागा मला तरी दिसत नाही. आमच्या बाबुराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविता रंगविता चित्रपटाचा कारखाना उभा केला. त्यांना माणसे मिळाली ती त्या रंगपटांतून आणि नाटकवाल्यांतून, म्हणजे हातातल्या कामातूनच.

कृष्णाकाठ (मिरज)

सर्वांचे मनापासून आभार. पणजीच्या ताईंचा शेवटचा प्रश्न वाचून मी ओशाळले, कारण चार वर्षे ज्यांच्या कार्यशाळेत बसून चित्रे काढली, त्यांतल्या एकाही कारागिराला मी पूर्ण झालेले चित्र दाखविले नव्हते. काल पाच चित्रे घेऊन गेले. वृद्ध मालकांनी एक चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “तंबोरा बरोबर आहे, पण भोपळ्याला जवारीच्या (तारांखालच्या घोडीच्या) बाजूने उजेड कसा आला? खिडकी तर मागे आहे.” त्यांचे म्हणणे खरे होते. मग त्यांनी आपणहून सांगितले की, दर पावसाळ्याआधी परगावच्या ग्राहकांना ते देखभालीबद्दल पत्र पाठवितात आणि त्यासोबत चित्राची एक प्रत घालायला त्यांची हरकत नाही. उजेडाची चूक मात्र आधी दुरुस्त करावी, अशी त्यांची अट आहे.

सांगलीतील दोन कलाशिक्षक आणि इचलकरंजीतील एक जण, असे आम्ही चौघे पुढच्या रविवारी भेटत आहोत. किमतीचा तक्ता करायला घेतला आहे. आता दोन प्रश्न उरतात. त्या ८३ जणांच्या वहीचे मी आता काय करावे? आणि पत्रासोबत पाठवायची प्रत कोणत्या आकाराची असावी?

ओला कागद (माहीम)

पणजीच्या ताईंचे बोलणे मान्य आहे. माझ्या लक्षात ती बाजू आली नव्हती. वहीबद्दल असे करा: ८३ नावे वाचून पाहा आणि ज्यांचा चेहरा आजही आठवतो, त्यांनाच लिहा. दोन वर्षे झाली, हे पहिल्याच ओळीत मान्य करा. पहिल्या खेपेस ज्यांनी हात जोडले होते, त्या चौघांनाही वगळू नका. उजेड दुरुस्त केलेले चित्र आणि त्या वृद्ध मालकांचे वाक्य, एवढा मजकूर पुरेसा आहे.

चौकटराजा (पुणे)

प्रत पाच बाय सात इंचांची ठेवा. या आकाराच्या तयार चौकटी कोणत्याही गावात मिळतात, त्यामुळे घेणारा ती खणात न टाकता भिंतीवर लावण्याची शक्यता वाढते. टपालाने पाठविताना प्रत नळीत गुंडाळू नका. दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून सपाट पाठवा. आणि पाठीमागे नाव, गाव आणि क्रमांक, हे पुन्हा सांगतो.